विश्लेषण : १५ लिटर तेल १५ किलो का भरत नाही? शाळेतील ‘घनता’ तेलाच्या डब्यापासून दुधाच्या दरापर्यंत कशी पोहोचते?

दिवाळीच्या तोंडावर तेलाचा डबा घ्यायला गेलेल्या ग्राहकासमोर दुकानात दोन डबे असतात. एकावर १५ किलो लिहिलेले असते, दुसऱ्यावर १५ लिटर. दुसरा थोडा स्वस्त दिसतो, म्हणून तोच उचलला जातो. त्यातले तेल काट्यावर ठेवले तर ते साधारण १३ किलो ६५० ग्रॅम भरते. दुकानदाराने मापात पाप केलेले नसते, कंपनीनेही नसते. हा फरक समजावणारे एका ओळीचे सूत्र राज्य मंडळाच्या आठवीच्या विज्ञानात ‘बल व दाब’ या पाठात आहे. मुले ते पाठ करतात, दोन गुणांचे उदाहरण सोडवतात आणि पुढच्या पाठाकडे वळतात. सूत्रातल्या दोन राशी प्रत्यक्ष मोजायला गेले की खरी गंमत सुरू होते.

घनता म्हणजे नेमके काय?

‘एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?’ हे कोडे लहानपणी प्रत्येकाला कोणीतरी घातलेले असते. दोन्ही सारखेच जड, हे उत्तर कळल्यावर आपण हसतो, पण ‘लोखंड जड’ असे तोंडातून का निघाले याचा विचार करत नाही. मनात आपण सारख्या आकाराच्या ढिगांची तुलना करत असतो. घनता म्हणजे तीच तुलना, आकड्यांत मांडलेली. वस्तुमान भागिले आकारमान, म्हणजे एक मिलिलिटर जागेत किती ग्रॅम पदार्थ मावतो ते.

पाण्याची घनता जवळजवळ १ ग्रॅम प्रतिमिलिलिटर असते. म्हणून एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि याच सवयीमुळे आपण लिटर आणि किलो एकच समजून चालतो. खाद्यतेल सुमारे ०.९१, दूध सुमारे १.०३, मध १.४ च्या आसपास. काच अंदाजे २.५, ॲल्युमिनियम २.७, सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट २.९ च्या आगेमागे. लोखंड ७.९, तांबे जवळपास ९, चांदी १०.५ आणि सोने १९.३. बर्फ मात्र ०.९२, म्हणून तो सरबतात तरंगतो.

डब्यातील फरक किती रुपयांचा?

१५ गुणिले ०.९१, म्हणजे १३.६५ किलो. दोन डब्यांत १ किलो ३५० ग्रॅमचे अंतर. हिशेबासाठी तेल १५० रुपये किलो धरले, तर हे अंतर दोनशे रुपयांचे होते. १५ लिटरचा डबा याहून कमी फरकाने स्वस्त असेल, तर तो स्वस्त नाही. उलट बाजूने पाहिले तर १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर तेल असते. एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ‘९१० ग्रॅम’ लिहिलेले असते ते यामुळेच. तुपाचेही असेच आहे. लिटरची बरणी किलोच्या बरणीशेजारी ठेवून किंमत पाहिली तर चूक ठरलेली.

तेलाबाबत आणखी एक मेख आहे, ती तापमानाची. तेल तापले की फुगते, वजन तेच राहते पण जागा जास्त व्यापते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये याचे उदाहरण दिले होते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरते, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. काही उत्पादक वेष्टनावर लिटरसोबत चढे तापमान छापत होते. म्हणजे ‘६० अंशांना एक लिटर’ असे लिहिलेल्या पिशवीत घरच्या तापमानाला लिटरभर तेल भरणारच नाही, आणि छापलेले अक्षर मात्र खोटे ठरणार नाही. त्यानंतर विभागाने तापमानाचा उल्लेख काढून टाकण्याची आणि लिटरसोबत वजनही छापण्याची सूचना केली, त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली.

आइस्क्रीमचा प्रकार याहून मजेदार आहे. ते लिटरवर विकले जाते आणि बनवताना त्यात हवा घुसळलेली असते. ती किती असावी याला मर्यादा म्हणून अन्नसुरक्षा मानकांत आइस्क्रीमसाठी लिटरमागे किमान ५२५ ग्रॅम वजनाची अट आहे. म्हणजे लिटरभर आइस्क्रीम अर्ध्या किलोहून थोडेच जास्त भरले तरी ते नियमात बसते.

शाळेत घनता मोजताना चूक कुठे होते?

वस्तुमान मोजणे सोपे, वस्तू काट्यावर ठेवली की झाले. अडचण आकारमानाची. ठोकळा असेल तर लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करता येतो. ओबडधोबड दगडाला मोजपट्टी लावणार कुठे? मग मोजपात्रात पाणी घ्यायचे, दगड दोऱ्याने आत सोडायचा आणि पातळी किती चढली ते पाहायचे.

इथे बहुतेक वर्गांत एकच चूक होते. मुले खिशात मावणारा खडा आणतात. समजा तो ६ ग्रॅमचा आहे आणि पाणी २ मिलिलिटर चढले. मोजपात्रावर रेषा एकेक मिलिलिटरच्या, त्यामुळे वाचनात अर्ध्या मिलिलिटरची चूक सहज होते. मग घनता २.४ येईल किंवा थेट ४. म्हणजे तोच खडा एका बाकावर काचेहून हलका ठरतो, दुसऱ्या बाकावर बेसॉल्टहून कितीतरी जड. त्याऐवजी १४५ ग्रॅमचा दगड घेतला आणि पाणी ५० मिलिलिटर चढले, तर तेवढ्याच चुकीने उत्तर २.८७ ते २.९३ च्या मध्येच राहते. मोठी वस्तू घ्या, एवढी एक सूचना फळ्यावर लिहिली तरी निम्मा गोंधळ मिटेल.

उरलेल्या चुका ठरलेल्या आहेत. काचेच्या मोजपात्रात पाण्याची पातळी कडेला वर चढलेली आणि मध्ये खोलगट असते. वाचन त्या खोलगट तळाचे, डोळा त्याच उंचीवर आणून घ्यायचे असते, उभ्याने वाकून नव्हे. विटेचा तुकडा पाणी पितो, त्यामुळे पातळी जेवढी चढायला हवी तेवढी चढत नाही. दगडाला हवेचे बुडबुडे चिकटतात. आणि सर्वांत वाईट चूक हाताची नाही, वहीची आहे. पुस्तकात २.७ आहे म्हणून स्वतःचे २.५ आलेले वाचन खोडून २.७ करणे. प्रयोगवहीत सगळ्यांची उत्तरे जुळतात, तेव्हा त्या वर्गात बहुधा कोणीच काही मोजलेले नसते.

रवा, साखर, पोहे यांची घनता काढायला गेले की वेगळाच प्रश्न उभा राहतो. वाटीभर साखरेत कणांमध्ये हवा असते. साखरेच्या स्फटिकाची घनता सुमारे १.६, पण वाटीतल्या साखरेचे वजन आणि वाटीचे माप यांचा भागाकार एकपेक्षाही कमी येतो. वाटी आपटली की साखर खाली बसते आणि आकडा बदलतो. धान्य पायली-शेराने मोजले जाई तेव्हा माप हलवून भरायचे की अलगद, शिगोशीग की काठोकाठ, यावरून वाद होत. ते वाद घनतेचेच होते.

घरच्या काट्यावर मोजता येईल का?

येईल, आणि शाळेच्या मोजपात्रापेक्षा अचूक. हल्ली स्वयंपाकघरात एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा असतो. आधी दगडाचे कोरडे वजन करा. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, दोरा हातातच धरा. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिलिलिटर त्या दगडाचे आकारमान.

असे का, हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पाणी दगडाला वर ढकलते, ते उत्प्लावक बल. ते दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढे असते. पाणी दगडाला वर ढकलते तेव्हा दगडही पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलतो आणि काटा नेमके तेच दाखवतो. दगडाचे उरलेले वजन तुमच्या हाताने पेललेले असते. २९० ग्रॅमचा दगड बुडवल्यावर काटा १०० दाखवत असेल, तर घनता २.९. लाकूड तरंगते, म्हणून ते सुईच्या टोकाने पाण्याखाली दाबून धरायचे. सागाच्या तुकड्याचे उत्तर ०.६५ च्या आसपास यायला हवे.

तेलासाठी तर मिलिलिटरही लागत नाहीत. एक छोटी बाटली घ्या, रिकामी ३२ ग्रॅम भरली असे समजू. ती काठोकाठ पाण्याने भरून २३२ ग्रॅम झाली, म्हणजे पाणी २०० ग्रॅम. बाटली पूर्ण कोरडी करून तेवढेच तेल भरले आणि ती २१४ ग्रॅम झाली, म्हणजे तेल १८२ ग्रॅम. १८२ भागिले २००, उत्तर ०.९१. बाटलीत मावते किती हे माहीत नसले तरी चालते, कारण दोन्ही वेळा जागा तीच आहे. ही झाली सापेक्ष घनता.

मग मुकुटाची गोष्ट खरी की खोटी?

सिराक्यूजच्या राजाचा मुकुट, सोनाराने मिसळलेली चांदी आणि न्हाणीघरातून धावत सुटलेला आर्किमिडीज. ही गोष्ट आपल्यापर्यंत रोमन लेखक विट्रुव्हियसमुळे आली. त्यात सांडलेल्या पाण्यावरून चोरी पकडली जाते. आकडे घालून पाहू. एक किलो शुद्ध सोन्याचे आकारमान सुमारे ५२ मिलिलिटर. त्यात ३० टक्के चांदी मिसळली तर ते जवळपास ६५ मिलिलिटर होते. फरक १३ मिलिलिटरचा. मुकुट बुडेल असे भांडे २० सेंटिमीटर व्यासाचे धरले, तर पातळीतला फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. दोन हजार वर्षांपूर्वी तो नुसत्या डोळ्यांनी दिसला असेल, यावर विश्वास ठेवणे कठीण.

हीच शंका गॅलिलिओला आली होती. १५८६ मध्ये, वयाच्या बाविशीत, त्याने एका छोट्या तराजूवर टिपण लिहिले. वस्तू हवेत आणि पाण्यात तोलायची आणि वजनातली घट पाहायची, ही आर्किमिडीजची खरी पद्धत असावी असे त्याचे म्हणणे. पातळीतला अर्धा मिलिमीटर दिसत नाही, पण तराजूवर १३ ग्रॅमचा फरक सहज दिसतो. वर दिलेला स्वयंपाकघरातला प्रयोग याच घराण्यातला.

हे वाचून अंगठी पाण्यात सोडण्याआधी एक हिशेब. दहा ग्रॅमचे २४ कॅरेट नाणे ०.५२ ग्रॅम पाणी बाजूला सारते, २२ कॅरेटचे साधारण ०.५६ ग्रॅम. एक ग्रॅमच्या काट्याला हे दिसणारच नाही, त्याला शंभरावा भाग दाखवणारा काटा हवा. दागिना पोकळ असेल, आत लाख किंवा खडे असतील, तर तोही कुचकामी. शिवाय टंगस्टनची घनता १९.२५ आहे, सोन्याला जवळजवळ चिकटून. म्हणून घनता जुळली नाही तर सोने खोटे हे नक्की, पण जुळली तर खरे असे म्हणता येत नाही. हॉलमार्किंग केंद्रात शेवटचा शब्द असतो तो नमुना भट्टीत तापवून केलेल्या परीक्षेचा, शब्दशः अग्निपरीक्षेचा.

न मोजता तुलना करता येते का?

भाताची शेती असलेल्या भागात हे दर पावसाळ्याआधी होते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतायचे, ही बीजप्रक्रियेची नेहमीची शिफारस. या द्रावणाची घनता सुमारे १.०२. पोचट दाणे साध्या पाण्यातही तरंगतात, पण अर्धवट भरलेले दाणे बुडून चांगल्यांत मिसळून जातात. मिठामुळे पाणी किंचित घन झाले की तेही वर येतात. तरंगणारे काढून टाकायचे, तळाचे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. धुणे टाळले तर मीठ उगवणीला मारक ठरते. इथे कोणी दाण्याची घनता मोजत नाही. १.०२ ही एक रेषा आखली जाते आणि प्रत्येक दाणा आपली बाजू स्वतः सांगतो.

पाण्याच्या बाटलीवर हाच प्रयोग करून पाहा. रिकाम्या बाटलीचे तुकडे करून बादलीत टाकले तर ते बुडतात, कारण त्या प्लास्टिकची, म्हणजे ‘पेट’ची घनता सुमारे १.३८ असते. झाकण दुसऱ्या प्लास्टिकचे, घनता ०.९ ते ०.९५, ते तरंगते. प्लास्टिक पुनर्वापराच्या कारखान्यांत दळलेल्या कचपाची अशीच टाकीत विभागणी होते. मात्र पीव्हीसीची घनता जवळपास ‘पेट’एवढीच असल्याने तेही सोबत बुडते, आणि थोडेसे पीव्हीसीही ‘पेट’चा माल बिघडवते. तिथे पाणी हात टेकते.

पेट्रोल पंपावर लिहिलेली घनता कशासाठी?

पंपावर दिवसाची घनता लिहिलेली असते, ती १५ अंश सेल्सिअसची. पेट्रोलसाठी भारतीय मानकातील मर्यादा घनमीटरला ७२० ते ७७५ किलो, डिझेल त्याहून जड. ग्राहकाने मागणी केल्यास काचेच्या नळकांड्यात इंधन घेऊन हायड्रोमीटर आणि तापमापी बुडवून, तक्त्यावरून १५ अंशांचा आकडा काढून दाखवता येतो. फलकावरच्या आकड्यापासून तो ३ किलोहून जास्त सरकला तर शंकेला जागा आहे. नुसत्या हायड्रोमीटरचे वाचन फलकाशी ताडून भांडणाऱ्यांनी तापमानाचा तक्ता आधी मागावा. पंपावरचे पेट्रोल ३० अंशांचे असते, वाचन कमी येणारच.

लॅक्टोमीटरने दुधातले पाणी पकडता येते का?

घनतेशी सर्वाधिक पैसा जोडलेला आहे तो दुधात. लॅक्टोमीटर म्हणजे तळाशी जड फुगा असलेली काचेची नळी. दूध जेवढे घन तेवढी ती वर तरंगते. २८ वाचन म्हणजे घनता १.०२८. चांगल्या दुधाचे वाचन साधारण २८ ते ३२ च्या दरम्यान येते. ३० वाचनाच्या ८०० मिलिलिटर दुधात २०० मिलिलिटर पाणी घातले तर वाचन २४ वर उतरते. पाणी घातले हे लगेच कळते.

आता दुसरा डाव पाहा. साय दुधापेक्षा हलकी असते. ती काढून घेतली तर उरलेले दूध अधिक घन होते, वाचन ३५ च्या आसपास जाते. मग त्यात पाणी घातले, समजा तयार मिश्रणात १४ टक्के, तर वाचन पुन्हा ३० वर येते. साय गेली, पाणी आले आणि लॅक्टोमीटर म्हणतो सगळे ठीक. साखर, मीठ, युरिया घालूनही पाण्याने उतरलेले वाचन वर ओढता येते. म्हणूनच घनतेसोबत फॅट स्वतंत्रपणे मोजावे लागते आणि बाकीच्या भेसळीसाठी वेगळ्या चाचण्या लागतात.

पण लॅक्टोमीटरचा फटका नेहमी भेसळखोरालाच बसतो असे नाही. राज्यात गाईच्या दुधाचा खरेदी दर ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ, या गुणप्रतीसाठी जाहीर होतो. त्याखाली गेले की दर उतरतो. अनेक संकलन केंद्रांवर आता हे काम यंत्र करते, पण लॅक्टोमीटर वापरात आहे तिथे एसएनएफ सूत्रानेच काढतात. तापमानानुसार दुरुस्त केलेल्या वाचनाचा चौथा भाग, त्यात फॅटचा साधारण पाचवा भाग आणि एक छोटा ठरावीक आकडा मिळवायचा. म्हणजे वाचन एकाने चुकले की एसएनएफ पाव टक्क्याने चुकतो. ८.५ चे दूध ८.२५ ठरते.

वाचन एकाने चुकायला फार काही लागत नाही. लॅक्टोमीटर ज्या तापमानासाठी आखलेला असतो ते त्याच्यावर लिहिलेले असते. त्याहून दूध गरम असेल तर वाचन दर अंशामागे सुमारे ०.२ ने कमी येते. पाच अंशांचा फरक आणि एक आकडा गेला. नुकत्याच काढलेल्या धारेचे दूध शरीराच्या तापमानाचे, फेसाळ, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले असते. त्यात लॅक्टोमीटर सोडला तर निखळ दुधातही पाणी असल्याचा भास होतो. म्हणून दूध आधी हलक्या हाताने ढवळून, फेस बसू देऊन, तापमापी सोबत बुडवून वाचन घ्यायचे असते. वाचनाशेजारी तापमानाचा रकाना वहीत आहे का आणि तो रोज भरला जातो का, हे दूध घालणाऱ्याला केंद्रावर उभ्या उभ्या पाहता येते. तो रकाना कोरा असेल तर वाचनाला दुरुस्ती लागलेली नाही, आणि एसएनएफचा आकडा गरम दुधाचाच आहे.